सावडीची गाडी

पंचफुलानं डोक्यावरची घागर खाली ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं. उजाडायच्या आत ती विहिरीवर गेली होती आणि आता ऊन डोक्यावर आलं होतं. त्या त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात वारंगा फाट्याजवळ एकाच विहिरीत पाणी उरलं होतं. तेही असं, की बादली सोडायची, झरा पाझरेपर्यंत बसून राहायचं आणि मग गढूळ का होईना, वर ओढायचं. घागर ठेवून ती चुलीकडे वळली. परत बाहेर येते तर तिचा नवरा जळबा तीच घागर उचलून गाडीच्या रेडिएटरात रिती करत होता.

"आवो!" ती ओरडली. "लेकराच्या तोंडात थेंब न्हाई अन् तुमी लोखंडाला पाणी पाजून राहिले?"

"थोडंच घेतलं," जळबा मान वर न करता म्हणाला.

"थोडं? घागरीचं बूड दिसून राहिलं!"

"गाडी तापली तर डोकं फुटतं तिचं."

"अन् माहं फुटलं तर? मला दुसरं डोकं भंगारात भेटल का?"

समोरच्या हॉटेलात चहा पीत बसलेले ट्रकवाले खदखदा हसले. जळबानं हातातला पाना असा आपटला की खालच्या दगडाचा टवका उडाला. हसणं जागच्या जागी थांबलं. जळबाचा राग फाट्यावर सगळ्यांना ठाऊक होता. ट्रक दुरुस्त करून घ्यावा तर जळबाकडूनच, पण तो काम करत असताना त्याच्याशी बोलू नये, असं ड्रायव्हर लोक एकमेकांना सांगत. धरणाच्या कामावर यंत्रं दुरुस्त करता करता त्याचे केस पिकले होते. तिथल्या एका साहेबानं त्याला सगळ्यांसमोर "ए" म्हणून हाक मारली, तेव्हा यानं पाना साहेबाच्या टेबलावर ठेवला आणि चालता झाला. तेव्हापासून फाट्यावर पत्र्याचं दुकान टाकून तो स्वतःचा मालक झाला होता.

पंचफुला घागर उचलून पुन्हा विहिरीकडे निघाली. जाता जाता बोललीच, "तुमची पाळी येईस्तोवर आमी सगळे तहानेनं मरून जाऊ, मग चालवा एकले."

जळबा रेडिएटरचं झाकण लावत राहिला. पण 'पाळी' हा शब्द ऐकला आणि त्याच्या तोंडावर जरासं हसू आलं. महिनाभर तो त्या एका गोष्टीवर जगत होता.

त्याचं असं झालं होतं. सातमाळ गावाच्या जत्रेत दर चैत्रात बैलांच्या शर्यतींचा पट व्हायचा. तळ्याच्या काठानं दमण्या, म्हणजे हलक्या बैलगाड्या, पळायच्या, पंचक्रोशी लोटायची. त्या साली बैल कुठले पळणार? चारा नव्हता. लोकांनी बैल छावणीला नेऊन बांधले होते, काहींनी गोठ्याचं दार उघडून देवाच्या नावानं सोडून दिले होते. तळंही आटून कोरडं ठाक पडलं होतं. तेव्हा पट भरवणाऱ्या नरसिंगरावाच्या डोक्यात आलं की यंदा मोटारींचा पट घ्यावा. आटलेल्या तळ्यात रिंगण आखावं, तीन फेरे घ्यावेत. धरणावर माती टाकणाऱ्या ठेकेदारांकडे जीपा होत्या, त्यांना काय, निमित्तच पाहिजे होतं.

ही बातमी लालसिंगनं आणली. लालसिंग जवळच्या तांड्यातला. त्याच्याकडे लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप होती. तिच्यात त्यानं मोडक्या टेंपोचं डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं आणि बाजाराच्या दिवशी तो माणसं, शेळ्या, मिरच्यांची पोती, जे येईल ते वाहत असे. दुष्काळात बाजारच भरेना, तर जीपही बसून होती.

"तुह्याकडं तो शंख पडलाय ना?" लालसिंगनं विचारलं होतं. "लाव माह्या गाडीला."

शंख म्हणजे एक लोखंडी गोळा, गोगलगायीसारखा वळलेला. धरणावर दगड फोडायच्या मोठ्या यंत्रावरचा तो. यंत्र भंगारात गेलं, तेव्हा जळबानं भंगारवाल्याला दोन जुन्या बॅटऱ्या देऊन तो घेतला होता. त्याचं इंग्रजी नाव टर्बो. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एरवी वाया जातो. शंखात त्या धुराच्या झोतानं एक चक्र फिरतं, त्या चक्राला जोडलेलं दुसरं चक्र बाहेरची हवा ओढून परत इंजिनाच्या नाकात कोंबतं. हवा जास्त, तर डिझेल जास्त जळतं आणि ताकद वाढते. जळबानं हे समजावून सांगितलं तेव्हा लालसिंग म्हणाला, "म्हंजी म्हशीच्याच शेणावर म्हैस पोसायची!"

"व्हय," जळबा म्हणाला, "अन् दूध दुप्पट."

पण गाडी कोणाची, हा प्रश्न होताच. चाकं, सांगाडा, इंजिन लालसिंगचं. शंख जळबाचा, आणि सगळी कारागिरी जळबाची. दोघांनी तिथेच, दुकानाच्या सावलीत बसून, सावड केली. आपल्याकडे एकेकच बैल असलेले दोन शेतकरी असतात. एका बैलानं नांगर चालत नाही. मग दोघं आपापला बैल आणून एका जुवाला जुंपतात, आज तुझं रान, उद्या माझं. त्यात कागद नसतो, साक्षीदार नसतो. पाळी तेवढी मोडायची नसते. ज्याची पाळी मोडली, त्यानं आपला बैल सोडून घरी न्यावा, त्याला कोणी नावं ठेवत नाही. पण जाताना दुसऱ्याच्या बैलाला इजा करू नये.

तशीच ही गाडी सावडीची ठरली. दोन शर्यती होत्या. शिमग्यात धरणाच्या वसाहतीमागं ठेकेदारांची एक शर्यत होती, ती लालसिंगची पाळी. सातमाळचा पट ही जळबाची.

दोघांनी मिळून जीप सोलली. पत्रा काढला, दारं काढली, मागची बाकडी काढली. अंगावरचं मांस काढून नुसती हाडं ठेवावीत तसं केलं. बसायला बाजेची सुतळी विणून चौकट केली. डिझेलची टाकी जड होती, तिच्या जागी गोड्या तेलाचा डबा. कमरेला बांधायला बैलाचा कासरा. शंखाला तेल पोचवायची तांब्याची नळी मोडक्या फवारणी पंपातून निघाली आणि धुराचा पाइप फाट्यावरच्या लोहारानं विहिरीच्या जुन्या नळातून वाकवून दिला. सगळं फुकटातलं नाहीतर बदल्यातलं.

मधे एकदा लालसिंगनं घोळ केला. जळबा दुकानात नसताना त्यानं प्रेमानं शंखाच्या तोंडात मूठभर वंगण भरलं. बैलगाडीच्या आसाला घालतात ते, एरंडेलात जळक्या चिंधीची राख कालवलेलं. बापजाद्यांपासून त्याच्या घरात, गाडी कुठंही निघायची तर आधी वंगण, हीच रीत. जळबानं इंजिन सुरू केलं तर सगळ्या फाट्यावर काळा धूर आणि करपलेल्या एरंडेलाचा वास. चक्र जागीच रुतून बसलं होतं.

"काय घातलं यात?"

"वंगण. नवं केलं होतं. बायकोनं राख चाळून दिली."

"राख चाळून?" जळबा किंचाळला. "अरे, हे भिंगरीसारखं फिरणारं चक्र हाय, तुह्या आज्याची गाडी न्हाई! याला राख खाऊ घातली तू?"

"रागावू नको गड्या. आमच्याकडं बिनवंगणाची गाडी दारातून काढत न्हाईत."

शंख खोलून, डिझेलात धुऊन पुन्हा बसवायला अख्खा दिवस गेला. दिवसभर जळबा लालसिंगच्या खानदानाचा उद्धार करत होता आणि लालसिंग बाजूला बसून बोल्ट पुसून देत होता. संध्याकाळी चक्र सुटलं, तेव्हा दोघांनी एकाच बशीत चहा प्याला.

शिमग्याची शर्यत लालसिंगनं जिंकली. जळबा बाजूला उभा राहून ओरडला, टोपी उडवली. मग त्याची पाळी आली आणि त्यानं सराव सुरू केला. नाल्याच्या कोरड्या पात्रात तो रोज जायचा. शंखाची एक खोड होती. आधी झोपलेला असायचा, पाय दाबला तरी उठायचा नाही. आणि उठला की असा उठायचा, की मागची चाकं जागा सोडायची. त्यावर जळबानंच तोड काढली. वळणाच्या आधीच हातब्रेक ओढायचा. जीपचा हातब्रेक मागची चाकं धरतो, ती धरली की गाडीचं बूड फिरतं, गाडी आडवी होऊन घसरत जाते. तिचं तोंड वळणाच्या आत आणि पाय डिझेलवर तसाच दाबलेला. घसरण संपेपर्यंत शंख जागा होतो आणि गाडी बाणासारखी सुटते. पहिल्या वेळी जळबा पात्राच्या दरडीला जाऊन आदळला. कितीदा आदळला, पण मग जमलं. फुफाट्यात गाडी आडवी घसरत असताना त्याला वाटायचं, आपण आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांच्या पोटाखाली उताणे पडलो होतो ते ह्यासाठीच. लालसिंगला ते जमत नव्हतं. तो सरळ रस्त्याचा गडी.

जत्रेच्या दिवशी ते दोघं सकाळीच सातमाळला पोचले. पंचफुला शेजारणीबरोबर ट्रकनं मागून आली. तळ्याच्या पाळीवर, म्हणजे काठच्या बांधावर, माणसंच माणसं होती. दुष्काळी कामाला सुट्टी होती, खायला फारसं नव्हतं, पण बघायला काहीतरी होतं. तळ्याचा गाळ भेगाळून, तुडवून पिठासारखा झाला होता. चुन्यानं रिंगण आखलेलं होतं. ठेकेदारांच्या जीपा ओळीनं उभ्या होत्या. एका हौशीनं नुसता ट्रॅक्टरच आणला होता.

जळबानं गाडी ओळीत लावली. बोल्ट तपासले, कासरा कमरेला बांधला, सोडला, पुन्हा बांधून पाहिला. लालसिंग नाव सांगायला मारुतीच्या पाराकडे, नरसिंगरावाच्या मांडवात गेला होता. तो परत आला तेव्हा त्याच्या डोक्याला नवा गुलाबी पटका होता.

"हे काय?" जळबानं विचारलं.

"त्यांनीच बांधला." लालसिंग गाडीकडे बघत होता, जळबाकडे नाही. "जळबा, ऐक ना. आज मी बसतो. पुढल्या टायमाला तू."

"काहून?"

"तसं काही न्हाई..."

"काहून, म्हणतो मी!"

लालसिंगनं पटका सारखा केला. "जिंकल त्याला वाजतगाजत पारावर नेत्यात. तिथं गाडी हाकणाऱ्या धुरकऱ्यानं नारळ फोडायचा. दरसालची रीत हाय. नरसिंगराव म्हणले, जळबाला पारावर कसं चढवायचं, लोक बोलतील, पट मोडल. तूच बस म्हणले."

जळबानं कमरेचा कासरा सोडला. अगदी सावकाश सोडला.

"अन् तू काय म्हणला?"

"मी म्हणलो... बरं."

"मला विचारलं?"

"आता विचारून राहिलो ना."

"पटका बांधून विचारतो?" जळबाचा आवाज चढला. आजूबाजूचे लोक वळून बघू लागले. "अरे, नारळ कोणाला पाहिजे? बाबासाहेबांच्या मागं गेलो त्या दिवसापासून माह्या घरात नारळ फुटला न्हाई! त्या पारावर तुमी मला पालखीतून नेलं तरी मी चढणार न्हाई. मला चाक पाहिजे, चाक! हे माह्या दोन हातात. एवढंच पाहिजे. नारळासाठी माहं चाक काढून घेता, अन् तो नारळ मला नकोच हाय, हे विचारायची एकालाही गरज वाटली न्हाई?"

"हळू बोल."

"काहून हळू? ते हळूच बोलतेत. गोड बोलतेत. तू जाऊन सांगायचं होतं, जळबा गाडी चालवल, नारळ मी फोडतो. एवढं तोंडातून निघालं न्हाई तुह्या?"

लालसिंगचाही चेहरा आता लाल झाला. "तुला सोपं हाय बोलायला. माह्या तांड्यातलं माणूस आजवर त्या पारावर चढलं न्हाई. माहा बाप त्या पाराखाली पायताण हातात धरून उभा राहायचा. आज पहिल्यांदा त्यांनी मला वर बसवलं, चहा दिला, पटका बांधला. मी काय म्हणायचं होतं?"

"तुला वर बसवलं ते मला खाली ठेवायला. हे बी कळलं न्हाई?"

लालसिंगचा हात पटक्याकडे गेला. तेवढ्यात नरसिंगराव स्वतःच आला. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला माणूस, आवाज साखरेसारखा. "जळबा, अरे, तू तर कारागीर. तुझ्याशिवाय ही गाडी उभी तरी राहिली असती का? मांडवात तुझा मान वेगळा करू. आज भांडू नको. देवाचं काम आहे."

"देवाचं काम तुमी करा मालक," जळबा म्हणाला. "मी माहं काम करतो."

त्यानं पाना काढला आणि गाडीचं पुढचं झाकण उघडलं.

गाडी नुकतीच आठ कोस चालून आली होती. शंख अजून चुलीतल्या निखाऱ्यासारखा तापलेला होता. जळबानं गोणपाट भिजवायला पाणी मागितलं. पाणी कोण देणार? त्यानं कोरडंच गोणपाट हाताला गुंडाळलं आणि पहिल्या नटाला पाना लावला.

"अरे, काय करतो?" लालसिंग पुढं झाला.

"माहा बैल सोडून राहिलो."

पाळीवरून कोणी ओरडलं, "सुरू व्हायच्या आधीच गाडीचं बाळंतपण व्हय रे!" दुसरा म्हणाला, "बघा बघा, दाई चिडली!" लोक हसले. पहिला नट सुटला. दुसऱ्याला गोणपाट जळू लागलं, धूर निघाला, जळबाच्या मनगटाला फोड आला. त्यानं हात मागं घेतला नाही. हसणाऱ्यातला एक म्हातारा शेतकरी मात्र हसायचं थांबला आणि शेजाऱ्याला म्हणाला, "गप रे. सावड मोडली दिसती." ते ऐकून बाकीचेही एकेक करून गप्प झाले. सावड मोडणं म्हणजे काय, ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यातल्या कित्येकांनी तसाच आपला बैल रानातून सोडून घरी आणलेला होता, कित्येकांनी दुसऱ्याची पाळी मोडली होती.

शंख निघाला. जळबानं तो पाळीच्या दगडावर ठेवला. मग तो परत गाडीकडे आला, तेव्हा लालसिंगला वाटलं, आता हा इंजिनावर घाव घालतो. तो आडवा उभा राहिला.

"बाजूला हो," जळबा म्हणाला. "तेलाची नळी उघडी राहिली तर तुहं इंजिन पहिल्याच फेऱ्यात कोरडं पडून मरल." खिशातला एक बोल्ट काढून त्यानं नळीचं तोंड बंद केलं, पिळून घट्ट केलं, झाकण लावलं. "आता चालव. तुहा बैल धडधाकट हाय."

तो शंख गोणपाटात गुंडाळून, खांद्यावर टाकून पाळीवर चढला. पंचफुला तिथं बसली होती. सगळं तिनं वरून पाहिलं होतं.

"हात दाखवा," ती म्हणाली.

"काही झालं न्हाई."

"दाखवा म्हणते ना!" तिनं त्याचं मनगट ओढून घेतलं, पदराचं टोक थुंकीनं ओलं करून फोडावर ठेवलं. मग खाली गाडीकडे बघून तिचा पारा चढला. "सगळं काढून आणलं अन् माहं पाणी तिथंच ठेवून आले! त्या पटकेवाल्याच्या रेडिएटरात माही घागर हाय अख्खी!"

जळबाला हसू आलं नाही. खाली बार उडाला आणि गाड्या सुटल्या.

त्याला बघायचं नव्हतं. तो तळ्याकडे पाठ करून बसला. पण कानाला पाठ करता येत नाही. शंखाशिवाय, उघड्या पाइपातून लालसिंगचं इंजिन फुटक्या ढोलासारखं बडबडत होतं. सगळ्या जीपांच्या गोंधळातून तो एक आवाज जळबाला वेगळा ऐकू येत होता. वळण आलं. जळबाला कळलं, लालसिंग गिअर लवकर बदलतोय. शंखाच्या सवयीनं बदलतोय. आता मागून जोर यायचा नाही, इंजिन दमणार. दमलंच. 'खालच्या गिअरमधी घे, गाढवा,' जळबा पुटपुटला, आणि पुटपुटलो म्हणून स्वतःवरच भडकला. ज्या माणसाचं तोंड बघू नये असं वाटत होतं, त्याच्यासाठी आपले कान का राबून राहिले? त्यानं दोन्ही हातांनी कान दाबले. तरी पायातून, दगडातून ती धडधड वर येतच होती.

एका ठेकेदाराची जीप पहिली आली. लालसिंगच्या मागं फक्त तो ट्रॅक्टर होता.

ढोल वाजू लागले. लोक जिंकलेल्या गड्याच्या मागं पाराकडे निघाले. तळं रिकामं होत गेलं. फुफाटा खाली बसला. जळबानं शंख खांद्यावर घेतला आणि फाट्याच्या वाटेला लागला. पंचफुला मागं.

थोडं गेले असतील, तोच मागून ती फुटकी बडबड आली. लालसिंगनं गाडी त्यांना ओलांडून पुढं नेली आणि वाटेत आडवी घातली. डोक्याला पटका नव्हता. तो खाली उतरला, पण जवळ आला नाही.

"जळबा."

जळबा गाडीला वळसा घालून पुढं निघाला.

"जळबा, चुकलं गड्या. पुढली पाळी तुही. त्याच्या पुढली बी तुही."

जळबा थांबला. वळला. "पुढली? सावडीत पुढली असती? माहं रान आज नांगरायचं होतं. आज! वाफसा काय तुह्या सोयीनं थांबतो?"

"मग आता काय करू? पट तर संपला."

"पट संपला. पाळी न्हाई संपली." जळबानं शंख खांद्यावरून उतरवून लालसिंगच्या हातात दिला. लालसिंग तो गरम लोखंडी भार छातीशी धरून उभा राहिला. "चल तळ्यात."

"आता? तिथं कोण हाय बघायला?"

"मी कोणाला दाखवायला चालवून राहिलो होतो का?"

पंचफुलानं कपाळावर हात मारला. "अजून एक घागर गेली," असं म्हणून ती बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत बसली.

रिकाम्या तळ्यात दोघं गाडीवर वाकले. जळबा पाना मागायचा, लालसिंग द्यायचा. शंख धरून ठेवायचं काम लालसिंगचं होतं. नुकत्याच पळालेल्या इंजिनाच्या झळीनं त्याचे तळवे भाजत होते, पण त्यानं तोंडातून हूं काढलं नाही. जळबाही 'बस' म्हणाला नाही. पुरता वेळ त्यानं त्याला तसंच धरून ठेवायला लावलं. नळीचा बोल्ट काढला, नळी जोडली, नट आवळले. मग जळबा सुतळीच्या चौकटीवर बसला, कासरा कमरेला बांधला. लालसिंग सवयीनं बाजूला बसायला पुढं आला.

"खाली ऱ्हा," जळबा म्हणाला.

गाडी सुटली. पहिल्या सरळ वाटेवर शंख झोपलेला होता, नुसती घरघर. वळण जवळ आलं. जळबानं हातब्रेक ओढला, गाडीचं बूड फिरलं, आडवी झालेली गाडी फुफाट्याची भिंत उडवत घसरू लागली. त्या भिंतीच्या आत जळबा एकटा होता. नरसिंगरावाचा गोड आवाज त्याला आठवला, धरणावरच्या साहेबाची "ए" आठवली, गुलाबी पटका आठवला. त्यानं पाय आणखी दाबला, आणि शंख जागा झाला. असा किंचाळला की बाभळीवरचे कावळे उडाले. गाडी वळणातून सुटली ती दुसऱ्या वळणावरच. पुन्हा आडवी, पुन्हा धूळ, पुन्हा ती किंकाळी. दात आवळलेले, डोळ्यांतून पाणी. धुळीचं की कशाचं, त्यालाही सांगता आलं नसतं. त्याचा राग कमी होत नव्हता. राग तेवढाच होता, फक्त आता त्याच्या हाताखाली होता, चाकात होता, जिकडे वळवेल तिकडे वळत होता.

पाराकडचे ढोल थांबले. आधी पोरं पळत आली, मग माणसं. तिसऱ्या फेऱ्याला पाळीवर पुन्हा गर्दी उभी होती. कोणी हसत नव्हतं. शिट्टी एकानंच मारली, तीही अर्धवट. जिंकलेला ठेकेदार गुलालानं माखलेला, हातात फुटका नारळ घेऊन बघत राहिला. नरसिंगराव आला की नाही, ते जळबानं बघितलं नाही.

तीन फेरे पुरे झाले. चौथा त्यानं घेतला नाही. पाळी तीनच फेऱ्यांची होती. गाडी थेट लालसिंगसमोर आणून उभी केली, कासरा सोडला, खाली उतरला. लालसिंगच्या तोंडभर हसू होतं. "गड्या! काय घसरली रे! ठेकेदाराच्या बापाला बी न्हाई जमायचं..."

जळबानं झाकण उघडलं आणि पाना लावला.

लालसिंगचं हसू विझलं. "आता काहून काढतो? दिली ना पाळी?"

"तू दिली न्हाई. मी घेतली. तुही झाली, माही झाली. आता फिटंफाट. सावड सुटली."

"एका चुकीसाठी?"

"चूक वंगणाची होती. ती मी धुऊन काढली." जळबानं दुसरा नट सोडवला. त्याच्या मनगटाचा फोड फुटून पाणी वाहत होतं. "ही धुता येत न्हाई."

लालसिंगनं गोणपाट दोन्ही हातांना गुंडाळलं. मग त्यानं हात पुढं करून शंख खालून धरला, जळबाला बोल्ट काढायला सोपं जावं म्हणून. जळबानं त्याला हटकलं नाही. शेवटचा नट सुटला, तेव्हा भार लालसिंगच्या हातात आला. त्यानं तो गोणपाटात गुंडाळून जळबाच्या खांद्यावर नीट चढवून दिला.

"उद्या फाट्यावर येऊ का?" त्यानं विचारलं. "धुराचा पाइप बसवून पाहिजे. असा उघडा नेला तर तांड्यातली लेकरं भेतील."

"ये," जळबा म्हणाला. "दुकान उघडं असतं. लायनीत उभा ऱ्हा, नंबर आला की करून दीन."

तो चालू लागला. पंचफुला बाभळीखालून उठली, तिनं लालसिंगकडे एकदा बघितलं आणि ती नवऱ्याच्या मागं गेली. पाळीवरचे लोक त्यांना वाट द्यायला दोन्हीकडे सरकले. जळबानं त्यांच्यातल्या एकाचंही तोंड बघितलं नाही.